नागपूरवरचं हेलिकॉप्टर आणि खाली न येणारी मुंबई

व्हॉट्सॲपवर फिरणारा संदेश असा: पृथ्वी ताशी 1,600 किमी वेगाने फिरत असेल, तर नागपूरवर हेलिकॉप्टर नुसतं तरंगत ठेवा, 25 मिनिटांत मुंबई खाली येईल. येत नाही, म्हणजे पृथ्वी स्थिर!

आधी भूगोल. या हिशेबाने खाली यायला हवं ते सुरत. नागपूरच्या अक्षांशावर तेच आहे. मुंबई दोन अंश दक्षिणेला राहते. 25 मिनिटं मात्र बरोबर: रेखांशांतला फरक सव्वासहा अंश, दर अंशाला 4 मिनिटं.

"तरंगतं म्हणजे स्थिर." खरी गफलत इथेच. स्थिर, पण कशाच्या तुलनेत? हेलिपॅडवर उभं असतानाच हेलिकॉप्टर जमिनीबरोबर ताशी सुमारे 1,560 किमीने पूर्वेला चाललेलं असतं. वर उचलल्यावर हा वेग काढून कोण घेणार? हवाही जमिनीबरोबरच फिरते. संदेशातलं 'थांबणं' जमवायचं तर पश्चिमेकडे ताशी 1,560 किमीने उडावं लागेल. बहुतेक हेलिकॉप्टरांची ताशी 300च्या आसपास दमछाक होते.

शंका जुनीच आहे. आर्यभटाने 499 साली पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठ मागे सरकताना दिसतो, हा दाखला देऊन पृथ्वी फिरते असं मांडलं. त्यावर वराहमिहिराचा आक्षेप होता की मग पक्षी घरट्यात परततील कसे?

पडताळा रेल्वेत घ्या. वेग ताशी 90 किमी, एकसारखा. दारापासून लांब, पंखा बंद. 1.2 मीटरवरून नाणं सोडा, फेकू नका. अर्ध्या सेकंदात गाडी 12 मीटर पुढे जाते, नाणं तरी पायाशीच पडतं. ब्रेक लागत असताना सोडलंत तर काही सेंटिमीटर पुढे पडेल, कारण तेव्हा गाडीचा वेग बदलतोय, नाण्याचा नाही.

"पश्चिमेकडे जाणारी विमानं लवकर पोचायला हवीत." जमीन खालून सरकत असती, तर ताशी 850 किमीने पूर्वेला निघालेलं विमान मुंबईहून कोलकात्याला कधीच पोचलं नसतं. हिवाळ्यात उलट कोलकात्याला जातानाच वेळ कमी लागतो. वरचे पश्चिमी वारे मागून ढकलतात.

"आपण फेकले जाऊ." पृथ्वीबरोबर गोल फिरत राहायला लागणारं त्वरण गुरुत्वाच्या जेमतेम तीनशेव्या भागाएवढं. वजन किंचित कमी भरतं, एवढंच.

फिरण्याची खूण पडणाऱ्या वस्तूत दिसते, पण बारीक. नागपुरात निवांत हवेत 100 मीटरवरून सोडलेली गोळी साडेचार सेकंदांत खाली येते. संदेशाप्रमाणे ती जवळजवळ 2 किमी पश्चिमेला पडावी. पडते सुमारे 2 सेंटिमीटर पूर्वेला, कारण उंचावर तिचा पूर्वेकडचा वेग पायथ्यापेक्षा किंचित जास्त असतो.