एकच रेघ

अंगात ताप आहे, डोकं फिरलंय ते मात्र तापाने नाही. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

काल संध्याकाळपासून घसा धरलाय, अंग ठणकतंय. सकाळी क्लिनिक गाठलं आणि काउंटरवर म्हटलं, "व्हायरसची टेस्ट करायचीय. फ्लू, कोविड, जे काय तुमच्याकडे होत असेल ते." तिथली मुलगी मान वर न करता म्हणाली, "कशाला मॅडम? व्हायरल आहे सध्या. सगळ्यांनाच आहे." मागे रांगेत एक गृहस्थ. तोंडाला मास्क नाही, खोकताना रुमाल नाही, कोपर नाही, थेट माझ्या मानेवर. ते म्हणाले, "अहो, तुम्ही अजून कोविडमध्येच अडकलात का?" बाकावरची दोन-तीन माणसं हसली. मीही ओशाळून हसले. सगळ्यात जास्त राग त्याच हसण्याचा येतोय.

"व्हायरल आहे." हे काय निदान झालं? दारात कोण आलंय विचारावं आणि आतून उत्तर यावं, "माणूस आहे." अहो, माणूस आहे ते कळलं, पण कोण? फ्लू, कोविड, आरएसव्ही (हाही श्वासमार्गाचाच एक व्हायरस), साधं पडसं, सगळ्यांचं तोंड पहिल्या दोन दिवसांत सारखंच दिसतं. नाक, घसा, खोकला, कणकण. नुसतं बघून डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. आणि फरक पडतो हो! फ्लूवरचं ओसेल्टामिवीर लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात जास्त उपयोगी. पाच दिवस "व्हायरल आहे, जाईल" म्हणत बसलात की ती वेळ टळलेली असते. मग घरात पडलेलं जुनं अँटिबायोटिक काढून खायचं, जे व्हायरसचं काहीएक वाकडं करत नाही.

पण मी टेस्टला गेले ती औषधासाठी नव्हतेच. आत्यासाठी गेले होते.

जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या वर्षी असाच घसा खवखवत होता. दुसऱ्या दिवशी आत्याकडे जायचं ठरलेलं. तिची फुप्फुसं आधीच अधू, जिना चढली तरी धाप लागते. म्हणून मी शहाण्यासारखं घरी किट आणून टेस्ट केली. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. 'सी'समोर रेघ, 'टी'समोर काही नाही, म्हणजे निगेटिव्ह. एकच रेघ! इतका आनंद झाला की त्या पट्टीचा फोटो काढून भावाला पाठवला. आत्याकडे गेले, तिच्या शेजारी बसून दोन तास गप्पा मारल्या. चौथ्या दिवशी आत्या आजारी पडली. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती.

तोवर माझी दुसरी टेस्ट झाली होती. त्यात दोन रेघा.

त्या पट्टीची गंमत मला नंतर कळली. (गंमत कसली!) ती व्हायरसचं प्रोटीन शोधते, आणि ते भरपूर असेल तरच रेघ उमटते. पहिल्या दिवशी घसा बोंबलत असतो, पण नाकात पुरेसा माल जमलेला नसतो. म्हणून लक्षणं असताना निगेटिव्ह आली तर 48 तासांनी पुन्हा करायची असते. किटच्या कागदावर हे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. चष्मा शोधायचा कंटाळा केला.

पीसीआरचं, म्हणजे लॅबमध्ये होणाऱ्या टेस्टचं, तसं नाही. ती व्हायरसच्या जनुकीय तुकड्याची दर फेरीला दुप्पट नक्कल करत जाते. एकाचे दोन, दोनाचे चार. हिशोबाने तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींच्या वर. 1983 साली कॅरी मुलिसला ही युक्ती सुचली आणि 1993 मध्ये तिच्यासाठी नोबेल मिळालं. अशी विद्या हाताशी असताना आपण काय म्हणतो? "सगळ्यांनाच आहे."

बरं, मान्य. प्रत्येक शिंकेला टेस्ट नको. पीसीआर बरं झाल्यावरही कित्येक दिवस, कधी कधी आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा उगाच घाबरून पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. आणि ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला पॉझिटिव्ह म्हणजे बुडालेले दिवस. तो टेस्ट टाळत असेल तर त्याला मी बोलणार नाही. पण रांगेतल्या त्या गृहस्थांचं पोट काही एका खोकल्यावर अडलेलं नव्हतं. त्यांना फक्त हसायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 ला कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, ते लोकांनी व्हायरस संपला असंच ऐकलं. तो बिचारा कुठे जाणार? इथेच आहे, आपल्यातच, रुमाल न धरणाऱ्यांच्या कृपेने.

जाऊ दे. चिडले की खोकला वाढतो.

आतली टेक्निशियन मात्र गुणी निघाली. वयाने लहान, पण हात काय हलका! "मॅडम, मान थोडी मागे, तोंडाने श्वास घ्या," म्हणत कांडी आत सरकवली. नाकात वर नाही जात ती, सरळ मागे जाते, जवळजवळ कानाच्या दिशेने. डोळ्यांतून घळाघळा पाणी. तिने विचारलं, "घरी कोणी वयस्कर आहे का?" दिवसभरात एवढा एकच शहाणा प्रश्न कानावर आला. मी आत्याचं सांगितलं, गेल्या वर्षीचंही सांगून टाकलं. अनोळखी मुलीला, नाकात कांडी फिरवून झाल्यावर! ती म्हणाली, "पट्टीवर निगेटिव्ह आली तरी दोन दिवस जाऊ नका हं. पीसीआरचा सॅम्पल पाठवते." त्या काउंटरवरच्या मुलीवरही आता तितका राग नाही. दिवसभर खोकणारी माणसं अंगावर घेते, तिला कोण विचारतं?

पट्टीवर काय आलं? एकच रेघ.

यंदा फोटो काढला नाही.

भाऊ म्हणतो, "तुझ्यामुळेच झालं कशावरून? आत्याकडे दहा माणसं येतात." असेलही. दहांपैकी कोणीतरी दिलं असेल. पण त्या दहांतली मी एक होते, घोगऱ्या आवाजाची.

दुपारी आत्याला फोन केला, रविवारी येत नाही म्हणून. कारण विचारलं तर टेस्टचं सांगितलं. "निगेटिव्ह आली ना? मग ये की." मग मात्र राहवेना. गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. घसा, किट, न वाचलेला कागद. वर्षभर घशात अडकलेलं. पलीकडे बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "अगं, दारातच आवाज ऐकला होता मी तुझा. किती महिन्यांनी आली होतीस, परत कशी पाठवणार?"

पीसीआरचा रिपोर्ट उद्या येईल. पट्टी परवा पुन्हा करायचीय, चष्मा लावून. तोवर कोणी घरी येऊ नका, फोन करा. आवाज बसलाय, पण ऐकेन.