नुसत्या सहानुभूतीवर गाणं चढत नाही
'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' हा वेल्सचा रॉक बँड वर आला तो त्यांचा गिटारवादक-गीतकार रिची एडवर्ड्स बेपत्ता झाल्यावरच्या सहानुभूतीमुळे, हे तुमच्या लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. रिची नाहीसा झाला फेब्रुवारी १९९५ मध्ये. बँडचं 'अ डिझाइन फॉर लाइफ' हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आलं एप्रिल १९९६ मध्ये. सहानुभूती एवढी टिकते होय? ते गाणं एकदा नीट ऐका. झुलता ठेका, मागे व्हायोलिनांचा भरगच्च ताफा, वर गायक ब्रॅडफील्डचा ताणून लावलेला आवाज, आणि सुरुवात कशापासून, तर वाचनालयांपासून! दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत कामगारांनी पगारातून पैसे कापून देऊन वाचनालयं उभी केली होती. बँडची ही ब्लॅकवुड गावची पोरं त्या खोऱ्यांतलीच. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला तेव्हा ती ऐन शाळकरी वयात होती. तो राग गाण्यात उतरला, म्हणून लोकांनी उचलून धरलं. १९९८ मध्ये पहिला क्रमांक मिळाला तोही स्पेनच्या यादवी युद्धावरच्या गाण्याला. तिथे कसली आलीय सहानुभूती?
बाकी लेख झकास. फक्त रिचीच्या वाट्याची रॉयल्टी बँडमधले उरलेले तिघं पुढे कैक वर्षं बाजूला काढून ठेवत राहिले, हे यायला हवं होतं.