पाडण्याआधी चुन्याचा गवंडी बोलवा
आमच्या गल्लीतील निजामकाळातील दगडी शाळा भिंतींना ओल आल्यामुळे पाडावी, ही एका लेखातील सूचना मला पटत नाही. ही ओल वयामुळे नव्हे, तर दगडांमधील चुन्याच्या दरजांवर (सांध्यांवर) मागाहून चढवलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे आहे. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडते, आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपापासून दगडी भिंतींची धास्ती आहे हे खरे, परंतु तेथे कोसळली ती मुख्यतः चुन्याऐवजी मातीत दगड रचलेली घरे होती. शिवाय ही शाळा गल्लीची खूण आहे: १९४८ पूर्वी या शाळेतच उर्दूतून शिकलेले माझे आजोबा घराचा पत्ता शेवटपर्यंत ‘मदरशामागे’, म्हणजे शाळेमागे, असाच सांगत. रिक्षावाले आजही ‘जुनी शाळा’ म्हटल्यावरच वळतात. निदान चुन्याच्या कामाचा जाणकार आणून तपासणी व्हावी.