७२०० आरपीएमसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

गेल्या रविवारी भाच्यासोबत लॅमिंग्टन रोडवर गेलो होतो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेले असले तरी ग्रँट रोडला उतरून ते नाव घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.) त्याचा जुना डेस्कटॉप इतका मंद झाला आहे की बटण दाबून तो आंघोळीला जातो. दुकानदाराचा सल्ला असा पडला की ५४०० आरपीएमची (म्हणजे आतली तबकडी मिनिटाला तितके फेरे घेणारी) हार्ड डिस्क काढून ७२०० ची बसवावी, 'फरक लगेच जाणवेल.' हा सल्ला मला पटला नाही.

मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ११.१ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती माहिती हेडखाली (माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद थांबावे लागते. ७२०० च्या डिस्कमध्ये हेच थांबणे ४.२ मिलिसेकंदांवर येते. मात्र त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते. त्यात साधारण ९ ते १२ मिलिसेकंद जातात आणि तबकडी कितीही जोरात फिरली तरी ते कमी होत नाहीत. म्हणजे आरपीएम एकतृतीयांशाने वाढूनही एकूण प्रतीक्षा जेमतेम दहा टक्क्यांनी घटते. विंडोज सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना विखुरलेल्या हजारो लहान फायली वाचल्या जातात, त्यामुळे रोजच्या वापरात हीच प्रतीक्षा आपल्याला छळते. एसएसडीमध्ये, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्याने तिथे हा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो.

सलग मोठ्या फायली वाचताना-लिहिताना मात्र वेगाचा खरा लाभ होतो. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने ७२०० ची डिस्क घेतली, तर मी त्याला अडवणार नाही. तिथेही तबकडीवर माहिती किती दाटीने लिहिली आहे हे पाहावे लागते, कारण दाट तबकडीची नवी ५४०० ची डिस्क जुन्या ७२०० च्या डिस्कला सहज मागे टाकू शकते. सर्व्हरसाठी तर २००० सालापासून १५,००० आरपीएमच्या डिस्कही मिळत होत्या. त्यांची जागाही पुढे एसएसडीनेच घेतली.

शिवाय वेगवान डिस्क साधारणपणे अधिक तापते आणि अधिक आवाज करते. ज्या खोलीत संगणक आहे त्याच खोलीत चार माणसे झोपत असतील, तर ही बाब किरकोळ राहत नाही.

अखेर आम्ही २५६ जीबीची साधी साटा (हार्ड डिस्कसारख्याच केबलने जोडली जाणारी) एसएसडी घेतली आणि विंडोज तिच्यावर नव्याने टाकले. जुनी ५४०० ची डिस्क काढलेली नाही. तिच्यावर ताईच्या लग्नाचे फोटो आणि भाच्याचे चित्रपट आहेत, आणि तेवढ्यासाठी तिचा वेग पुरेसा आहे.