‘रेडिओ कोण ऐकतं आता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं पण थांबलो, रागात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच वाचवत नाही. मी दर रविवारी विज्ञानाचे टीव्ही-रेडिओवरचे कार्यक्रम वेळेसकट देतो, त्यावर तुमचं म्हणणं असं की एक वेळ चुकलीय, निम्मे कार्यक्रम परदेशी आहेत, मराठी जवळपास नाहीच, आणि शेवटी “रेडिओ कोण ऐकतं आता, सगळं यूट्यूबवर पडलंय, हा निव्वळ रिकामटेकडेपणा.”

आधी चूक. बीबीसीच्या कार्यक्रमाची वेळ मी तासभर आधीची दिली, मान्य. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे घेतात, मग आपल्यातलं साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं, ते माझ्या लक्षातून गेलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण रिकामटेकडेपणा? तुम्ही मला ओळखता का हो? शनिवारी जेवणं झाली की दोन-अडीच तास बसून मी हे जमवतो, एक पैसा मिळत नाही, आणि तुम्ही एका शब्दात निकाल लावून मोकळे. मुद्दा पटला नाही तर तसं सरळ लिहा, कोण अडवतंय? पण अशी भाषा कशाला?

आता यूट्यूबचं. २४ ऑक्टोबर १९९५, सकाळची वेळ, दिवाळीचे दिवस. राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत खग्रास सूर्यग्रहण, आमच्याकडे खंडग्रास. मी तेव्हा नववीत. आजीने दुधात, पाण्यात तुळशीची पानं टाकलेली, खिडक्या लावलेल्या, गॅस बंद, आणि आम्हा पोरांना उंबऱ्याबाहेर पाय टाकायची बंदी. मग करणार काय, टीव्ही लावला. दूरदर्शनवर थेट दाखवत होते आणि भौतिकशास्त्रज्ञ प्रा. यशपाल साध्या हिंदीत समजावून सांगत होते. दूरदर्शनवरच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानाच्या कार्यक्रमात ते प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे म्हणून आम्हाला ते घरातल्यासारखे. आजी टीव्हीकडे पाठ करून बसलेली, ग्रहण टीव्हीतसुद्धा बघू नये म्हणून. पण सूर्य पूर्ण झाकला गेला तशी आम्ही पोरं ओरडलो आणि तिने वळून पाहिलं, नंतर सूर्याची कडा परत डोकावताना चमकते ती ‘हिऱ्याची अंगठी’ पण पाहिली, आणि बराच वेळ गप्प बसून मग विचारलं, “म्हणजे मधे चंद्रच येतो होय?”

पुढे ११ ऑगस्ट १९९९ च्या ग्रहणाच्या आदल्या दिवशी तिनेच मला विचारलं, किती वाजता दाखवणार आहेत रे. म्हणून मी वेळा देतो. माझी आजी कधीच काही शोधायला गेली नसती, आज असती तरी यूट्यूबवर ‘सूर्यग्रहण’ टाईप करून बसली नसती, आणि केलंच असतं तरी पुढ्यात काय आलं असतं ते तुम्हीही जाणता, राशीनुसार परिणाम आणि काय काय. ज्याला हवंय तो शोधतोच हो, त्याला माझी गरज नाही. ज्याला आपल्याला हे हवंय हेच माहीत नाही त्याच्या घरात ते ठरल्या वेळी आपणहून यावं लागतं.

रेडिओचंही तेच. नव्वदच्या दशकात आकाशवाणीवर ‘मानव का विकास’ ही मालिका आली, माणसाच्या उत्क्रांतीवर १४४ भाग आणि १८ भाषांत! हाताने काम चालू असताना कानावर पडतं, ही सोय दुसऱ्या कशात आहे सांगा. आमच्या ओळखीतले एक शिंपीकाका मशीनवर बसल्या बसल्या विज्ञानाचे कार्यक्रम ऐकायचे आणि नंतर मलाच प्रश्न विचारायचे, मला उत्तरं यायची नाहीत. त्यांना तुम्ही रिकामटेकडे म्हणणार का?

परदेशी कार्यक्रमांचं काय घेऊन बसलात, टोरांटो आणि मेलबर्नहून वाचणारे मराठी लोक आहेत, कॅनडाचा ‘क्वर्क्स अँड क्वार्क्स’ आणि ऑस्ट्रेलियाचा ‘द सायन्स शो’ दोन्ही १९७५ साली सुरू झालेले, ते मी का देऊ नयेत? आणि मराठीत काय नाही, का नाही, हा विषय वेगळा आहे, इथे नको.

येत्या रविवारी यादी येईल. प्रत्येक कार्यक्रमापुढे तिकडची वेळ आणि आपली वेळ दोन्ही देईन, तपासून. परत चूक सापडली तर जरूर कळवा, फक्त जरा नीट बोला.