बडोद्याची गादी

आमचे घर बडोद्यात डांडिया बाजारात आहे, हे वर्षाचे अकरा महिने कुणाच्या लक्षात नसते. जून उजाडला, निकाल आणि प्रवेशयाद्या लागल्या, की कऱ्हाड, सांगली, नाशिक, अकोला अशा गावांहून फोन सुरू होतात. पलीकडचा माणूस पहिल्या वाक्यात नाते सांगतो आणि दुसऱ्या वाक्यात सामान. "ताई, ओळखलंत का? तुमच्या नणंदेच्या जावेचा मी भाऊ. गादी तिकडं मिळती का इकडनंच आणू?"

मी लोकल गार्डियन आहे. या पदाला पगार नाही, राजीनामा नाही आणि निवृत्तीचे वयही नाही. वसतिगृहाच्या अर्जावर 'स्थानिक पालक' असा एक रकाना असतो, त्यात माझे नाव लिहून लोक मोकळे होतात. त्याच्या पुढचा 'नाते' हा रकाना बोटभर रुंदीचा. त्यात नणंदेच्या जावेच्या भावाचा मुलगा मावणार कसा? म्हणून सगळेच 'मावशी' लिहितात. मला सख्खी बहीण एकही नाही. पण विद्यापीठाच्या कागदांवर मी इतक्या गावच्या इतक्या मुलांची मावशी आहे, की एखाद्या चौकस कारकुनाने ती सगळी पाने जुळवली तर माझ्या आजोबांविषयी त्याचे मत वाईट होईल.

तसे मराठी मुलखातून मुले बडोद्याला येण्याची चाल आजची नाही. मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव गायकवाड १८७५ साली इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते. दत्तक कुणाला घ्यायचे हे ठरवण्यासाठी भावांना एकत्र आणले होते. "कशाला आलात?" असे विचारल्यावर गोपाळराव म्हणाले, "राज्य करायला," असे इथे घरोघरी सांगतात. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. लोकांना त्या उत्तराचे कौतुक वाटते. मला कौतुक वाटते ते मुलाने स्वतः तोंड उघडले याचे. आता प्रवेशाच्या खिडकीवर कारकून "नाम?" म्हणतो आणि आई सांगते. "विषय?" म्हणतो आणि वडील सांगतात. "ब्लड ग्रुप?" म्हटल्यावर दोघे एकमेकांकडे बघतात, एकदम दोन वेगळे गट सांगतात आणि तिथल्या तिथे भांडण जुंपते. अठरा वर्षांचा भावी राजा बाजूला उभा राहून मोबाइल बघत असतो.

महाराजांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ चे. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्या काळी मुलामुलींच्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी बाई बसणे ही देशात पहिलीच गोष्ट होती. शिकवणे इंग्रजीतून, त्यामुळे गुजरातीत 'ळ' कुठे येतो हे माहीत नसलेल्या मुलांचेही निभते. लगेच १९५० मध्ये ललित कला विभाग निघाला. त्यात चित्रकला शिकवायला होते नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे मराठी गृहस्थ. आणि शिल्पकलेला शंखो चौधुरी. यंदाचा माझा भाचा त्याच शिल्पकलेसाठी कोल्हापूरहून आला. "मूर्ती काय आपल्याकडं होत नाहीत काय?" असे त्याचे वडील आधी म्हणत होते. मग कुणीतरी त्यांना बेंद्र्यांचे सांगितले. तेव्हापासून ते नाव त्यांनी असे धरले, की मुंबईहून येणाऱ्या गुजरात मेलच्या त्या अख्ख्या डब्याला बेंद्रे ठाऊक झाले असावेत.

दादांना, म्हणजे या वडिलांना, गुजरात आणखी एका कारणाने पसंत होते. इथे दारूबंदी. "पोरगं सुरक्षित राहील," असे ते स्टेशनावर उतरल्या उतरल्या म्हणाले. दिवसभर ते त्या विचाराने प्रसन्न होते. संध्याकाळी सातच्या सुमारास जरा उदास झाले.

गुजरात मेल पहाटे येते. अंधारात आम्ही उभयता फलाटावर. डब्यातून आधी एक बादली उतरली. बादलीत मग, मगात साबण, साबणाच्या डबीत सुई-दोरा. मग पत्र्याची पेटी. मग दोन पिशव्या भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचे, आणि बरणीच्या तोंडाला फडके बांधलेला कांदा-लसूण मसाला. तो इतका, की पहिल्या सेमिस्टरला सबंध वसतिगृह कोल्हापुरी करून टाकता यावे. शिवाय बाकरवडी. बडोद्याला बाकरवडी! इथल्या भाखरवडीवर आणि लीलो चिवड्यावर ज्यांचे संसार चालतात, त्या शहरात वाट वाकडी करून पुण्याहून बाकरवडी आणली होती. मी काही बोलले नाही. बडोद्यात राहून मी एवढे शिकले आहे की फरसाण आणि देव या दोन विषयांत पाहुण्यांशी वाद घालू नये.

आणि शेवटी गादी उतरली. घरच्या सावरीच्या कापसाची, पिंजाऱ्याला दारात बसवून भरून घेतलेली. सतरंजीत गुंडाळून, सुंभाने आवळून, वर खडूने चिरंजीवांचे नाव. मी फोनवर तीन-तीनदा बजावले होते की गाद्या इथे मिळतात, घरपोच मिळतात, नका आणू. वहिनी म्हणाल्या, "विकतच्या गादीत काय कोंबलेलं असतंय कुणाला ठावं?" यावर काय बोलणार? रिक्षात नवरदेवाला बसवावे तसे गादीला मधोमध बसवले आणि आम्ही दोघी दोन बाजूंना अर्ध्या बाहेर. रिक्षावाल्याने आरशात बघून सवाऱ्या मोजल्या आणि गादी धरून भाडे सांगितले. माझे यजमान, दादा आणि चिरंजीव मागच्या रिक्षात पेटीसह.

कागदपत्रांचे फार सांगत नाही. ज्याने ते केले त्याला ठाऊक आहे, आणि ज्याने केले नाही त्याला सांगून पटणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन, आधारच्या झेरॉक्स, डॉक्टरचे पत्र, चार फोटो. फोटो निळ्या पार्श्वभूमीचे आणले तर पांढऱ्या लागतात, पांढऱ्या आणले तर कारकून बघतही नाही. खरी अडचण रॅगिंगविरोधी हमीपत्रापाशी आली. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून ते मुलाने आणि पालकांनी, दोघांनीही द्यायचे असते. वहिनींनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. असल्या कागदावर कुणी काही वाचलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"हे उलटं आहे," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा कुणाचं रॅगिंग करणार नाही असं मी लिहून द्यायचं? त्याचं कुणी करू नये म्हणून आलोय आम्ही!"

मागच्या रांगेतल्या आयांना ते पटले. थोडी सभाच भरली. सगळ्यांच्या मुलांवर रॅगिंग होणार होते आणि कुणाचाच मुलगा ते करणार नव्हता. मग ते करणार कोण, हा प्रश्न कारकुनाने मोठ्या सभ्यपणाने विचारला नाही.

फाटकावर चौकीदाराने सामान तपासले. विजेची किटली चालत नाही, इस्त्री चालत नाही, शेगडी चालत नाही. किटली उशीच्या अभ्र्यात होती, ती मिळाली नाही. मिळाला छिन्नी-हातोडा. "आ शुं छे?" अभ्यासाचे सामान आहे, हे त्याला पटेना. दादा "बेंद्रे, बेंद्रे" म्हणू लागले, त्याने काही फरक पडला नाही. मग त्याने बरणीचे फडके सोडले आणि खाली वाकून वास घेतला. त्यानंतर बराच वेळ तो काही तपासण्याच्या अवस्थेत नव्हता. आम्ही आत गेलो.

खोली तळमजल्यावर. दोन खाटा, दोन टेबले, एक खिडकी. एवढ्यात दुसरे कुटुंबही आले. भावनगरचे. बाईंच्या हातात थेपल्यांचा डबा, काकांच्या खांद्यावर कूलर. नमस्कार-चमत्कार झाले. तेवढ्या अवधीत दोन्ही आयांनी खिडकीजवळच्या खाटेवर काहीतरी ठेवले होते. वहिनींची बादली उशाकडे, भावनगरच्या बेनची पिशवी पायथ्याकडे. तोंडाने मात्र "तुम्ही घ्या", "ना ना, तमे लो" चालले होते. वहिनी कोल्हापुरी हिंदीत होत्या, बेन गुजरातीत, आणि दोघी एकमेकींचा शब्दन् शब्द समजून काही ऐकत नव्हत्या.

या वेळी दादा खिडकीतून बाहेर बघून म्हणाले, "नदी जवळच काय?"

जवळ म्हणजे अगदी दाराशी नव्हे. पण विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत. सुसरी नव्हेत, चांगल्या दणदणीत मगरी. आम्हा बडोदेकरांना त्यांचे काही वाटत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा सोसायट्यांतून, रस्त्यांतून त्या उचलून न्याव्या लागल्या, आणि पाणी ओसरल्यावर लोक गरब्याच्या पासांचे बोलू लागले. हे सगळे माझ्या यजमानांनी दादांना मोठ्या अभिमानाने सांगितले. यजमानांना शहराची माहिती द्यायला आवडते, आणि वेळ कुठली आहे हे बघायला आवडत नाही.

वहिनी थेट कार्यालयात. "मगर हॉस्टेलमें आती है क्या?"

कारकुनाने शिक्का मारता मारता उत्तर दिले, "चोमासामां क्यारेक आवे. फोन करो एटले पकडी जाय."

पावसाळ्यात येते कधीकधी, फोन केला की पकडून नेतात. पोस्टमनविषयी बोलावे इतक्या शांतपणे. वहिनी परतल्या तेव्हा बादली खिडकीपासून उचलून दाराजवळच्या खाटेखाली गेली. भावनगरच्या बेननीही ऐकले होते. त्यांची पिशवीही उठली. आता औदार्याला खरा पूर आला. "तुम्हारा लडका खिडकी के पास झोपने दो, उसको हवा लगेंगी." "ना बेन, तमारो दीकरो कलाकार छे, एने अजवाळुं जोईए." मघाशी जी खाट कुणी सोडत नव्हते, ती आता कुणी घेत नव्हते. दोन्ही बाप खिडकीचे गज हलवून बघत होते. गज मजबूत निघाले. तरी दादांनी टेपने दोन गजांमधले अंतर मोजले, आणि त्यातून केवढी मगर शिरू शकेल याचा दोघांनी मिळून अंदाज काढला.

मग गादी सोडली. सुंभ सुटताच ती अशी उलगडली की खोली भरली. खाट अडीच फूट, गादी चार फूट. एका बाजूला भिंत, त्यामुळे लोंबायला एकच कड. दुमडली तर डोके टेबलाच्या उंचीवर जाते. आडवी टाकली तर पाय वाऱ्यावर. दादा म्हणाले, कापूस काढून बारीक करू. वहिनी म्हणाल्या, आधी मला कापा. भावनगरच्या काकांनी सुचवले की खाट बदलून मागावी. यजमान म्हणाले, गाद्या इथे घरपोच मिळतात. यावर वहिनींनी त्यांच्याकडे जे पाहिले, त्यानंतर ते बाहेर जाऊन उभे राहिले.

या गोंधळात दोन मुले कुठे होती हे कुणाच्या ध्यानात आले नाही. ती व्हरांड्यात. एकाला मराठी येत नव्हते, दुसऱ्याला गुजराती, पण मोबाइलवर कसलासा खेळ चालला होता आणि मध्येच दोघे एकदम ओरडत होते. कंटाळून आत आली, बघितले, गादी उचलून जमिनीवर पसरली आणि दोघे तिच्यावर लोळले. "बस, झालं. खाटांवर सामान ठेवू."

"जमिनीवर?" दोन्ही आया दोन भाषांत एकदम किंचाळल्या. "मगर!"

निघायला चार तास लागले. वहिनी कपाट लावत होत्या, मुलगा त्यांना दाराकडे वळवत होता. दादांनी कपडे वाळत घालायची दोरी बांधण्यासाठी मुलाच्याच हातोड्याने भिंतीत खिळा ठोकला. चुन्याचा मोठा पोपडा सुटला, चौकीदार पुन्हा आला आणि बरणी दिसताच दारातूनच बोलला. कुलपाच्या तीन किल्ल्या होत्या. एक मुलाला, एक मला, एक वहिनींच्या पर्समध्ये, कोल्हापूरला. कोल्हापूरहून ते कुलूप कसे उघडणार, हे मी विचारले नाही. फाटकाबाहेर दादांनी मुलाला बाजूला घेतले, गंभीर चेहऱ्याने बराच वेळ काही सांगितले. नंतर कळले की गीझरचा स्विच ओल्या हाताने लावू नको, एवढेच.

परतीचे तिकीट त्यांनी मुद्दाम दोन दिवसांनंतरचे काढले होते, "पोरगं रुळेपर्यंत." ते दोन दिवस आमच्या घरी. रात्री पाने वाढली. वहिनी भाताची मूद चिवडत बसल्या. मेसच्या डाळीत साखर असते हे दुपारीच कळले होते, तेव्हापासून त्या मूक होत्या. दादा खिडकीपाशी. सात कधीच वाजून गेले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. चिरंजीव. मागे कमालीचा गलका, कुणीतरी टेबल बडवत होते.

"मावशी, सेव-उसळ कुठली भारी? आम्ही सहाजण निघालोय. तिखट पाहिजे. आणि आईला फोन केलाय सांगू नका, ती मगर विचारत बसंल."

मी दुकान सांगितले, तर्री जास्त मागायला सांगितले, फोन ठेवला. वहिनी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होत्या.

"त्याचाच होता ना? काय म्हणाला? रडत होता?"

"थोडा," मी म्हणाले.

वहिनींनी पदराने डोळे टिपले. मग पान पुढे ओढले, आमटीत साखर नाही ना एवढे विचारून घेतले, आणि भात संपवून पुन्हा वाढायला सांगितला.