कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज लिहून देणाऱ्यांबद्दल

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम १२ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा अधिकार पीडित स्त्रीला आहे, या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला आहे आणि तिच्या वतीने अन्य कोणत्याही व्यक्तीलाही आहे. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला, तेव्हापासून ही मुभा कायद्यात आहे. तरीही ही ‘अन्य व्यक्ती’ कोण असावी, तिला काय यायला हवे आणि ते तिला कोणी शिकवायचे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. माझे मत असे आहे की अंगणवाडी सेविका, आशा, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या स्वयंसेविका यांच्यातून काही जणींना निवडून, केवळ या एका कायद्याच्या कागदपत्रांपुरते पण अगदी पक्के प्रशिक्षण द्यावे, त्यांची परीक्षा घ्यावी आणि त्या कामाचे त्यांना नियमित मानधन द्यावे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. मग वकील नसलेल्यांची गरज काय, असा प्रश्न सुशिक्षित मंडळी विचारतात. अडचण अशी आहे की वकील नेमला जाईपर्यंत बरेच कागद तयार होऊन गेलेले असतात. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झालेली असते, ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘पडल्यामुळे इजा’ असे लिहिले गेलेले असते, कोणीतरी घाईघाईने तक्रार अर्ज खरडून दिलेला असतो आणि पुढे सामनेवाल्यांचे वकील उलटतपासात नेमके हेच कागद बाहेर काढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. जी मागते, तिचा पहिला कागद बिघडू नये एवढी तरी काळजी घेता येईल.

प्रत्यक्षात अर्ज कसे असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे वाक्य पाठ असेल. ‘लग्नानंतर काही दिवस चांगले नांदवले, त्यानंतर सासरच्या मंडळींनी क्षुल्लक कारणांवरून शारीरिक व मानसिक छळ सुरू केला.’ न्यायालयाच्या आवाराबाहेर टंकलेखन करून देणाऱ्याच्या संगणकात हा मजकूर तयार असतो. नाव, गाव आणि लग्नाची तारीख बदलली की अर्ज झाला. मी त्या टंकलेखकाला दोष देत नाही, कारण त्याला पानामागे पैसे मिळतात, ऐकून घेण्याचे मिळत नाहीत. पण या एका वाक्यात त्या बाईचे सगळे आयुष्य गडप होते. तिचा पगार दर महिन्याला कोण काढून घेत होते, कोणत्या सणाला तिला घराबाहेर काढले, त्या रात्री ती कोणत्या शेजारणीकडे झोपली, दागिने कोणाच्या कपाटात राहिले, यातले काहीही अर्जात उतरत नाही. या कायद्याच्या नियमांना जोडलेल्या कौटुंबिक घटना अहवालात, म्हणजे ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात त्यात, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक हिंसेसाठी वेगवेगळे रकाने आहेत. ज्याने नमुना केला त्याला एवढे कळत होते की हिंसा फक्त मारहाणीची नसते. भरणारा मात्र सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा होतो.

उलट बाजूचा घोटाळाही तितकाच मोठा आहे. रागाच्या भरात किंवा नातेवाइकांच्या सल्ल्याने परगावी राहणारी नणंद, तिचा नवरा, चुलतसासरे असे झाडून सगळे सामनेवाले केले जातात. मग प्रत्येकाला नोटीस बजावण्यात महिने जातात आणि त्यांच्यातले काही जण आपले नाव वगळून घेण्यासाठी उच्च न्यायालयात धाव घेतात. तिची पोटगी तोवर लोंबकळत राहते. सासूला घराबाहेर काढावे अशी मागणीही सर्रास लिहिली जाते, वास्तविक कलम १९ च्या परंतुकानुसार घरातून काढून टाकण्याचा आदेश कोणत्याही स्त्रीविरुद्ध देताच येत नाही. ‘हे मागता येणार नाही, पण तुला त्या घरातून कोणी काढू नये असा आदेश मागता येईल,’ एवढे सांगायला वकिलीची सनद लागत नाही, त्यासाठी कलम १९ एकदा नीट वाचलेले असावे लागते.

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल दिला. प्रकरण आपल्या नागपूरकडचे. त्या निकालाने पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले, शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी निराळा नमुना दिला आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. निकाल उत्तमच आहे. परंतु ज्या बाईला नवऱ्याचा पगार किती हे कधी कळू दिले गेले नाही, तिच्यासमोर पानांमागून पाने रकाने येतात आणि ती हबकते. येथे शिकलेली मदतनीस खरोखर उपयोगी पडते. सातबारा आणि आठ-अ कसे काढायचे, नवऱ्याच्या दुकानाच्या पाटीचा फोटो का घ्यायचा, मुलांच्या शाळेच्या पावत्या आणि घरभाड्याचा हिशेब कसा लावायचा, स्वतःची शिवणकामाची तुटपुंजी कमाई का लपवायची नाही, हे सारे शांतपणे बसून करायचे काम आहे. एका दिवसात अनेक न्यायदालनांत धावणाऱ्या वकिलाला त्यासाठी दोन-तीन बैठकी देता येत नाहीत, आणि मोफत विधी साहाय्यातून मिळणारे शुल्क पाहता ती अपेक्षा ठेवणेही फारसे न्याय्य नाही.

काही गोष्टी तर केवळ माहितीच्या आहेत. न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये माफ केले आहे. हिंसाचार आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. आणि पीडित स्त्री माहेरी तात्पुरती राहत असली तरी तिथल्याच न्यायालयात अर्ज करता येतो. तरी स्टॅम्प पेपर विकले जातातच आणि बायका सासरच्या तालुक्याला हेलपाटे घालतातच.

आज विधी स्वयंसेवकांची जी प्रशिक्षणे होतात, त्यांत एका दिवसात संविधानापासून ग्राहक कायद्यापर्यंत सगळे उरकले जाते, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक छायाचित्र. त्यातून जागृती होत असेल, अर्ज लिहिता येत नाही. मला अभिप्रेत असलेले प्रशिक्षण कारखान्यातल्या उमेदवारीसारखे आहे. शिकाऊ स्त्रीने खऱ्या प्रकरणांवर बेतलेले, नावे बदललेले अर्ज लिहावेत, वकिलाने ते लाल शाईने परत पाठवावेत आणि तिने पुन्हा लिहावेत. तिने न्यायालयात बसून अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाची सुनावणी ऐकावी, म्हणजे दंडाधिकारी कागदात काय शोधतात ते तिला कळेल. घटना तारखेच्या क्रमाने कशा मांडायच्या, तारीख आठवत नसेल तर ‘मुलाच्या बारशानंतर’ असे प्रामाणिकपणे कसे लिहायचे, जे बाई बोलली नाही ते आपल्या मनाने कसे घालायचे नाही, हे हात बसेपर्यंत शिकावे. अर्जाची प्रत नवऱ्याच्या हाती पडणार आहे हे कायम ध्यानात ठेवून पीडित बाई सध्या राहते तो पत्ता कसा द्यायचा, हे तिने वकिलाला आधी विचारावे. आणि संदेश असलेला मोबाइल विकू नकोस, पुसू नकोस, हे पहिल्याच भेटीत सांगावे.

वकील मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ नुसार वकिली हा सनदधारकांचाच अधिकार आहे. अर्धवट ज्ञानाने नुकसान होते. शिवाय मदतीच्या नावाखाली दलाल तयार होण्याची भीती आहे. म्हणूनच हद्द आधी ठरली पाहिजे. फौजदारी तक्रार करावी की नाही, तडजोडीच्या अटी मान्य कराव्यात का, घटस्फोटाचे काय, यांवर मदतनिसाने मत देऊ नये. तिथे प्रकरण वकिलाकडे जावे. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिंसाचारपीडितांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांना मर्यादित कायदेशीर सल्ला देण्याची प्रायोगिक परवानगी दिली, त्यासाठी त्या न्यायालयाला वकिलीच्या नियमांना खास अपवाद करावा लागला. आपल्याकडे अर्ज दाखल करण्यापुरता दरवाजा संसदेनेच उघडा ठेवलेला आहे. नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थेला, म्हणजे या कायद्याखाली नोंदणी झालेल्या स्वयंसेवी संस्थेला, तर याच कायद्याच्या कलम १० नुसार कौटुंबिक घटना अहवाल नोंदवण्याचाही अधिकार आहे. आणि मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस यंत्रणेच्या आतच सुरू केलेल्या, हिंसापीडित स्त्रियांसाठीच्या विशेष कक्षाने हे दाखवून दिलेले आहे की वकील नसलेली समाजकार्यकर्ती, तिला नीट तयार केले तर, कायद्याच्या चौकटीत राहून भक्कम काम करते.

हे काम संरक्षण अधिकाऱ्यांचे आहे, असेही कोणी म्हणेल. आहेच. अर्जदार निरक्षर असल्यास अर्ज वाचून, समजावून सांगण्याची जबाबदारी नियमांनी त्यांच्यावरच टाकली आहे. पण अनेक ठिकाणी हे पद दुसऱ्या कामाबरोबरचा अतिरिक्त कार्यभार म्हणून सांभाळले जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश द्यावे लागले, यावरून काय ते समजावे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोच बहुधा सगळ्यात आधी टाळला जाईल. स्वयंसेविकांना ज्या दिवशी काम दिले त्या दिवसाचे मानधन मिळते. कागदपत्रे जुळवण्यासाठी तहसील, रुग्णालय आणि शाळा यांच्या फेऱ्या त्यात मोजल्या जात नाहीत. सेवाभावाच्या गोष्टी सांगून हे काम गरीब बायकांकडून फुकट करून घेऊ नये. मानधन प्रकरणामागे असावे, पहिल्या अर्जापासून अंतरिम आदेशाची प्रत हाती येईपर्यंतचे, आणि प्रत्येक अर्जाखाली तो लिहिणाऱ्या मदतनिसाचे नाव व नोंदणी क्रमांक असावा, म्हणजे चूक झाली तर कोणाला विचारायचे हेही कळेल. एखाद्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आपल्या दोन तालुक्यांत एवढे करून पाहायला नवा कायदा लागणार नाही.